तीन रुपयांचा शेअर: घेणं सोपं, विकायचा कुणाला?

पारोळ्याहून एका भाऊंनी विचारलं आहे. कपाशी विकून त्यांच्या हातात दोन लाख रुपये आले आहेत. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये सांगितलेला शेअर त्यांनी २ रुपये ६० पैशांनी ५,००० घेतला. आज तो ३ रुपये ४० पैशांवर आहे आणि आठवडाभर रोज ५ टक्क्यांचं अप्पर सर्किट लागतंय, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा वाढू शकतो त्या वरच्या मर्यादेला टेकतोय. मोठे भाऊ म्हणतात, हा सट्टा आहे, काढून घे. मित्र म्हणतो, तीन रुपयांच्या शेअरमध्ये जाऊन जाऊन जाणार किती, अजून दीड लाख टाक. ऐकायचं कुणाचं?

भाऊ, आधी मित्राच्या हिशोबाबद्दल. जाणार ते तीन रुपये नाहीत, जाणार ते दीड लाख. ३ रुपये ४० पैशांनी दीड लाखाचे ४४ हजार शेअर येतात. तो शेअर ३४ पैशांवर आला काय आणि ३,४०० रुपयांचा शेअर ३४० वर आला काय, दोन्हीकडे दीड लाखाचे पंधरा हजारच उरतात. शेअरची किंमत लहान म्हणजे जोखीम लहान, हा समज पेनी स्टॉकमध्ये, म्हणजे असल्या नाममात्र भावाच्या शेअरमध्ये, सगळ्यात जास्त पैसा बुडवतो. उलट बाजूनेही तसंच आहे. ३ चा ३० होणं हे ३०० चा ३,००० होण्यापेक्षा सोपं नसतं. दोन्हीकडे कंपनीचं एकूण मोल दहापट व्हावं लागतं.

तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. हा शेअर वर जाईल की खाली, हे बाजूला ठेवा. ज्या दिवशी तुम्हाला विकायचा असेल, त्या दिवशी समोर घेणारा असेल का? केळी पिकवणाऱ्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. रावेरचा बोर्ड भाव छापून येतो, पण व्यापारी बागेत कापणीला आलाच नाही तर त्या भावाचं करायचं काय? माल झाडावर पिकतो आणि नंतर मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. पेनी स्टॉकचा स्क्रीनवरचा भाव बहुतेक वेळा असाच असतो. तो लिहिलेला असतो, हातात येतोच असं नाही.

हे स्क्रीनवर कसं दिसतं ते बघा. ब्रोकरच्या ॲपमध्ये शेअर उघडला की खाली ‘मार्केट डेप्थ’ असते: डावीकडे घेणाऱ्यांचे पाच भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे पाच. तुमच्या शेअरमध्ये आज डावीकडे ३.४० ला समजा आठ लाख शेअरची मागणी दिसते आणि उजवी बाजू पूर्ण शून्य. हे बघून माणसाला वाटतं, केवढी मागणी, मलाच मिळत नाहीये. पण त्या आठ लाखांतली किती मागणी खरी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सर्किटवर उजवी बाजू रिकामी असताना मोठी ऑर्डर लावणाऱ्याला शेअर मिळण्याची भीती फारशी नसते, आणि ऑर्डर कधीही रद्द करता येते. गर्दी गोळा करायला ती पाटीसारखी वापरली जाते.

मग एके सकाळी बाजू उलटते. आदल्या दिवशी ३.४० ला बंद झालेला शेअर ३.२३ ला उघडतो, उजवीकडे अकरा-बारा लाख शेअर विकायला उभे आणि डावीकडे एकही नाही. हे लोअर सर्किट. एकाच भावाला ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा नंबर आधी लागतो, म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांचे शेअर पहिल्या दोन-चार हजारांत निघून जातात आणि तुमचे ५,००० रांगेच्या शेपटीला राहतात. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा पहिल्यापासून, भाव अजून ५ टक्के खाली. स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची सूचना, लावला होता म्हणून कुणी सुटत नाही. स्टॉपलॉस फक्त तुमची ऑर्डर बाजारात पाठवतो, घेणारा पैदा करत नाही. रोज ५ टक्क्यांनी १४ सत्रांत, म्हणजे बाजाराच्या १४ दिवसांत, भाव निम्म्याखाली जातो. दिवसाच्या चढ-उताराची मर्यादा, म्हणजे पट्टी, २ टक्क्यांची असेल तर त्यालाच ३५ सत्रं लागतात. पट्टी लहान म्हणजे संरक्षण जास्त असं नाही. ती तुम्हाला जास्त दिवस आत कोंडून ठेवते, एवढंच.

आता दीड लाखाचं गणित करा. आकडा घ्यायचा तो गोंधळ सुरू होण्याआधीचा. ग्रुपमध्ये टीप येण्यापूर्वीचे दोन-तीन महिने काढा आणि रोज सरासरी किती शेअर हातबदल होत होते ते बघा. समजा ३,००० होते. तुमच्याकडे आधीचे धरून ४९ हजार शेअर होतील. भाव न पाडता विकायचं तर रोजच्या उलाढालीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त माल एका माणसाने बाजारात आणू नये, हा माझा नियम आहे. म्हणजे दिवसाला ३०० शेअर. ४९ हजार निघायला १६३ सत्रं, म्हणजे जवळपास आठ महिने. हा हिशोब खरेदीआधी करायचा असतो. मी पाच सत्रांत बाहेर पडता येईल एवढाच माल धरतो. या शेअरमध्ये तो १,५०० शेअर होतो, म्हणजे पाच हजार रुपये. दीड लाखाचा प्रश्न तिथेच मिटतो, कंपनी चांगली की वाईट हे तपासण्याआधीच.

तुमचे मोठे भाऊ सगळ्यालाच सट्टा म्हणतात, तेवढं मात्र मला मान्य नाही. पेनी स्टॉक अशी कायद्यात कुठे व्याख्या नाही. दहा-वीस रुपयांखालच्या सगळ्याला लोक ते नाव देतात आणि त्यात तीन अगदी वेगळ्या जाती एकत्र होतात.

पहिली जात म्हणजे भाव लहान, पण कंपनी मोठी. व्होडाफोन आयडियाने एप्रिल २०२४ मध्ये ११ रुपये भावाने १८,००० कोटींची भागविक्री केली होती. त्या शेअरमध्ये रोज कोट्यवधी शेअरची उलाढाल होते, विकायला गेलात तर क्षणात विकला जातो. तिथली जोखीम धंद्याची, कर्जाची आणि सरकारी देण्याची आहे. ती मोठी आहे, पण बाहेर पडण्याचं दार उघडं आहे.

दुसरी जात खऱ्या, पण अडचणीत सापडलेल्या किंवा लहान कंपन्यांची. पेनी स्टॉकच्या बाजूने जे काही प्रामाणिकपणे बोलता येतं ते इथलं. म्युच्युअल फंड इतक्या लहान कंपनीत शिरू शकत नाहीत, ब्रोकरचे विश्लेषक तिच्यावर अहवाल लिहीत नाहीत, त्यामुळे मोल आणि भाव यांत फरक राहून जातो. खान्देशी माणसाला दोन उदाहरणं घरातली आहेत. साक्री तालुक्यातल्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. त्या धंद्यातल्या सुझलॉनचा शेअर २००८ च्या सुरुवातीला ४०० च्या आसपास होता, मार्च २०२० मध्ये २ रुपयांच्या आसपास आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ८६ पर्यंत गेला. जळगावच्या जैन इरिगेशनचा शेअर २०१० मध्ये दोनशेच्या वर होता आणि मार्च २०२० मध्ये पाचच्या खाली. मार्च २०२२ मध्ये बँकांसोबत कर्जाची फेररचना पूर्ण झाली, पुढच्या वर्षी परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला, कर्जाचं ओझं उतरलं आणि भाव सावरला.

या दोन्ही ठिकाणी कारखाने होते, माल विकला जात होता, गिऱ्हाईक होतं. गळफास कर्जाचा होता आणि तो सैल करायला बँका तयार झाल्या. भाव दोन रुपये होता म्हणून ते वर आले नाहीत. दोन रुपये भाव आणि खाली काहीच नाही, अशा कंपन्या त्यांच्या कितीतरी पट आहेत, त्यांची नावं आज कुणाच्या तोंडात नाहीत म्हणून त्या दिसत नाहीत. जळगावचा ठिबकचा डीलर, ज्याला पाईप वेळेवर येतायत का, कंपनी उधारी देते की रोखीने मागते हे दुकानात बसून कळतं, त्याला अशा कंपनीबद्दल मुंबईच्या माणसाआधी अंदाज येऊ शकतो. तुमच्या धंद्यातली, तुमच्या डोळ्यासमोरची कंपनी असेल तर मी ऐकून घेईन. टेलिग्रामवरून आलेल्या नावाबाबत तुम्हाला तसलं काहीच माहीत नसतं.

सुझलॉनमध्ये अजून एक बारकावा आहे, तो नीट समजून घ्या. २००८ मध्ये कंपनीचे जवळपास १५० कोटी शेअर होते, २०२४ मध्ये साधारण १,३६० कोटी. कर्जाच्या बदल्यात शेअर दिले गेले, ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ रुपयांनी हक्कभाग (जुन्या शेअरधारकांना दिलेले नवे शेअर) आला, पुढे अजून भांडवल उभं केलं. म्हणून ८६ रुपयांवर कंपनीचं एकूण मोल १ लाख १७ हजार कोटींच्या घरात गेलं, जे ४०० रुपये भाव असतानाच्या साधारण ६० हजार कोटींच्या जवळपास दुप्पट. तरीही ज्याने ४०० ला घेतला होता त्याच्याकडे एका शेअरमागे ८६ च राहिले. त्यामुळे ‘हा शेअर पूर्वी ४०० होता, परत जाईल’ हे वाक्य कधी ऐकू आलं की आधी विचारा: तेव्हा शेअर किती होते, आज किती आहेत?

कर्जात बुडालेल्या कंपनीबाबत दुसरी शक्यताही तेवढीच खरी आहे. प्रकरण दिवाळखोरीसाठी कंपनी न्यायाधिकरणात गेलं की पैशाच्या रांगेत बँका, कामगार, इतर धनको हे सगळे पुढे आणि शेअरधारक सगळ्यात शेवटी. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं जून २०२१ मध्ये तेच झालं. नव्या मालकाच्या योजनेत जुन्या शेअरचं मोल शून्य ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्यातही लोक तो वीस रुपयांच्या आसपास घेत होते, ‘कंपनी चांगल्या हातात जातेय’ म्हणून. कंपनी चांगल्या हातात गेली, शेअर मात्र खात्यातून पुसला गेला.

तिसरी जात पोकळ कंपन्यांची. नाव आहे, नोंदणी आहे, धंदा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ३३१ संशयित शेल (पोकळ) कंपन्यांची यादी एक्सचेंजना, म्हणजे शेअरबाजारांना, दिली आणि त्यांचे व्यवहार महिन्यातून एकाच दिवसावर आणले. काहींना अपिलात दिलासा मिळाला, पण त्या दिवसांत ज्यांचे पैसे आत होते त्यांना महिनाभर हात बांधून बसावं लागलं. २ मार्च २०२३ रोजी साधना ब्रॉडकास्ट आणि शार्पलाइन ब्रॉडकास्ट या दोन शेअरबाबत सेबीचे आदेश निघाले. त्यात पद्धत स्पष्ट लिहिली आहे: आपापसांत व्यवहार करून आधी भाव आणि उलाढाल वाढवायची, मग यूट्यूबवर पैसे मोजून जाहिरात दिलेले खोटे व्हिडिओ सोडायचे, लोक घ्यायला धावले की त्यांच्या गळ्यात माल उतरवायचा. साधनाच्या लहान शेअरधारकांची संख्या दोन हजारांच्या घरातून पंचावन्न हजारांवर गेली होती. हे पंचावन्न हजार लोक शेअर घेऊ शकले कारण समोर कुणीतरी तेवढा माल विकत होतं.

म्हणून कुठलीही कंपनी तपासताना मी सुरुवात नफ्या-तोट्यापासून करत नाही, शेअरधारणेच्या तक्त्यापासून करतो. बीएसईच्या (मुंबई शेअरबाजाराच्या) संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडा, शेअरहोल्डिंग पॅटर्नवर जा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला तो द्यावाच लागतो. शेवटच्या चार तिमाह्या शेजारी शेजारी ठेवा आणि दोनच ओळी बघा. पहिली, प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्या मालकांचा, हिस्सा. दुसरी, दोन लाख रुपयांपर्यंत दर्शनी भांडवल धारण करणाऱ्या वैयक्तिक शेअरधारकांची संख्या. समजा वर्षभरात प्रवर्तकांचा हिस्सा ३८ वरून ११ टक्क्यांवर आला आणि लहान शेअरधारक १,९०० वरून ३१,००० झाले, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. माल आतल्यांच्या हातून बाहेरच्यांच्या हातात गेला, हे त्या दोन ओळींत आलं. प्रवर्तकांचा हिस्सा टिकून असेल, तर त्यातला तारण किती ठेवला आहे तेही त्याच तक्त्यात दिसतं.

मग त्याच पानावर जुन्या घोषणा चाळा. प्राधान्य पद्धतीने, म्हणजे निवडक लोकांना, शेअर किंवा वॉरंट दिलेत का? कुठल्या भावाने, कुठल्या तारखेला? वॉरंट म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क; त्यासाठी सुरुवातीला पाव रक्कमच भरावी लागते, उरलेली १८ महिन्यांत. प्रवर्तक सोडून इतरांना मिळालेले असे शेअर साधारण सहा महिने विकता येत नाहीत. ती बंदी उठण्याच्या आसपासच अप्पर सर्किट, नव्या ऑर्डरच्या घोषणा आणि टेलिग्रामच्या टिपा यांचा पाऊस सुरू झाला असेल, तर हा पाऊस कुणासाठी पडतोय ते तारखा जुळवूनच कळतं. याच काळात शेअरचं विभाजन किंवा बोनसही बघायला मिळतो. शंभराचा शेअर दहाला आणला की तो ‘स्वस्त’ दिसतो आणि लहान माणसाच्या टप्प्यात येतो.

आता आकड्यांकडे. पोकळ कंपनीची विक्री कागदावर फुगवता येते, पण दोन खर्च फुगवायला कुणी जात नाही: पगार आणि वीज. जिनिंगवाला म्हणाला की मी हंगामात वीस हजार गाठी बांधल्या आणि त्याचं विजेचं बिल पिठाच्या गिरणीएवढं निघालं, तर तुम्ही विश्वास ठेवाल का? इथेही तेच करा. ३०० कोटींची सौरऊर्जेची ऑर्डर मिळाली म्हणणाऱ्या कंपनीचा वर्षाचा पगारखर्च सहा लाख असेल, म्हणजे दोन-तीन माणसं. यंत्रसामग्री शून्य. विक्री वाढली, पण गिऱ्हाइकांकडून येणं त्याहून जास्त वाढलं आणि प्रत्यक्ष व्यवहारातून आलेली रोकड सलग तीन वर्षं उणे. गेल्या दहा वर्षांत कंपनीचं नाव तीनदा बदललं: आधी कापड, मग सॉफ्टवेअर, आता हरितऊर्जा. लेखापरीक्षक मध्येच राजीनामा देऊन गेला. यातलं एखादं चिन्ह असेल तर चौकशी करावी, तीन एकत्र असतील तर सोडून द्यावं.

एक्सचेंज स्वतःही इशारे देतं, ते वाचायला शिका. बीएसईवर शेअरच्या नावापुढे गट लिहिलेला असतो. टी आणि एक्सटी म्हणजे ट्रेड-टू-ट्रेड: आज घेऊन आजच विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. झेड म्हणजे कंपनीने नोंदणीच्या अटी पाळलेल्या नाहीत. एनएसईवर हेच बीई आणि बीझेड असं दिसतं. याशिवाय देखरेखीच्या तीन याद्या आहेत: २०१७ पासून जीएसएम, २०१८ पासून एएसएम आणि २०२३ पासून लहान कंपन्यांसाठी ईएसएम. ईएसएमच्या दुसऱ्या टप्प्यात शेअर गेला की २ टक्क्यांची पट्टी आणि दिवसभर सलग व्यवहाराऐवजी ठरावीक वेळेचे लिलाव. ब्रोकरचं ॲप खरेदी करताना हा इशारा दाखवतं आणि बहुतेक जण तो न वाचता पुढे जातात. एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा: ग्रुपमध्ये ‘डिलिव्हरी शंभर टक्के आहे, मोठे लोक उचलतायत’ असं सांगतात. ट्रेड-टू-ट्रेड शेअरमध्ये डिलिव्हरी नेहमीच शंभर टक्के असते. तो नियम आहे, कुणाचा विश्वास नाही.

एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं नावही तुमच्या मित्राने घेतलं असेल. २९ ऑक्टोबर २०२४ ला तो शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. ते खरं आहे. पण त्या कंपनीचे शेअर फक्त दोन लाख, तिच्याकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर, आणि ३.५३ ला विकायला कुणी तयारच नव्हतं. म्हणून सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी किंमत शोधायला खास लिलाव ठेवला आणि खरा भाव बाहेर आला. तीन रुपयांत तो घेता येत होता असं नाही. पुन्हा तीच गोष्ट, फक्त उलट्या बाजूने: तिथे विकणारा नव्हता.

पैसा कुठला, यावरही उत्तर बदलतं. तुमचे दोन लाख कपाशीचे आहेत. त्यातून ३१ मार्चच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असेल, मे-जूनला बियाणं आणि खत घ्यायचं असेल, तर त्या पैशाला तारीख आहे. लोअर सर्किटला तारीख कळत नाही. ज्या पैशाची पुढची तीन वर्षं गरज नाही, त्यातला शेअरबाजारात जो भाग आहे त्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त मी या प्रकारात ठेवत नाही, आणि तोही तीन-चार कंपन्यांत वाटून. नोकरदाराच्या दरमहा पगारातून जाणारे दोन हजार आणि शेतकऱ्याच्या वर्षातून एकदा हातात येणारे दोन लाख यांना एकच सल्ला लागू होत नाही. तुमचं पीककर्ज नाही, घरात दुसरं उत्पन्न आहे, बँकेत सहा महिन्यांचा खर्च पडून आहे, असं असेल तर रक्कम थोडी बदलेल. पाच सत्रांचा नियम मात्र बदलणार नाही.

खर्च आणि कराचं थोडक्यात. विकताना डीमॅटमधून शेअर निघाला की प्रत्येक कंपनीमागे दिवसाला साधारण १५ ते २० रुपये अधिक जीएसटी कापले जातात, मग तुम्ही ३०० रुपयांचे विका की ३ लाखांचे. म्हणून तीनशे-चारशे रुपयांचे तुकडे करून रोज विकणं परवडत नाही. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकला तर १ लाख २५ हजारांच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. तोटा झाला तर तो पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे बरेच जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि हा तोटा वाया घालवतात.

आता तुमच्या हातातल्या ५,००० शेअरचं. आज अप्पर सर्किट आहे, म्हणजे डावीकडे घेणारे उभे आहेत आणि विकणारा कुणी नाही. आज तुम्ही ३.४० ला लिमिट ऑर्डर, म्हणजे ठरवलेल्या भावाची ऑर्डर, टाकली तर लगेच निघेल. ही सोय सर्किट उलटलं की त्याच सकाळी संपते. कंपनीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून वरच्या दोन तपासण्या आज रात्री करा: चार तिमाह्यांची शेअरधारणा आणि पगारखर्च. दोन्हींपैकी एकातही गडबड दिसली तर सगळे ५,००० काढा. १३ हजारांचे १७ हजार होतील, कर आणि खर्च जाऊन तीन हजारांच्या आसपास नफा हातात राहील. दोन्ही स्वच्छ निघाले तरी ३,५०० विका, १,५०० ठेवा. ‘मुद्दल जवळपास निघालं, उरलेले फुकटचे’ असं मात्र मनात धरू नका. ते १,५०० म्हणजे तुमचे ५,१०० रुपये आहेत आणि आज रोख हातात असते तर याच भावाने हा शेअर घेतला असता का, एवढंच त्यांच्याबद्दल विचारायचं.

ग्रुप चालवणाऱ्याला त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने. तो सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतंय का बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक लावणारेही आहेत. क्रमांक मागितल्यावर तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलं, तर त्याआधी सगळ्या टिपांचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घेऊन ठेवलेले असू द्या. सेबीकडे तक्रार करताना तेच लागतात.